खोळीसाठी एक दिवस

बायको गेल्यानंतरच्या सहा महिन्यांत माझ्याकडे दोन एकताऱ्या परत आल्या. त्याआधीच्या तीस वर्षांत एकही आली नव्हती. हे फुशारकीनं सांगत नाही, असं म्हणणार होतो. पण फुशारकीच आहे ती. माझ्या अंगातच आहे आणि आता या वयात जायची नाही.

पहिली परत आली ती नांदुऱ्याकडच्या एका गावातल्या भजनी मंडळाची. दोघे मोटारसायकलवरून आले, एकतारी पडवीत खाटेवर ठेवली आणि उभ्याउभ्याच म्हणाले की आवाज टोचतो. मी विचारलं, कुठं टोचतो? तर म्हणे कानात. मी एकतारी उचलली, तार छेडली, दोनदा छेडली. मला तर आवाज चांगला वाटला. उलट थोडा दबलेलाच वाटला. मी त्यांना सुनावलं की लग्नातल्या डीजेनं तुमचे कान गेलेत, त्याला माझी एकतारी काय करणार. चहा टाकतो म्हटलं तर तेवढंही थांबले नाहीत. एकतारी खाटेवर तशीच ठेवून निघून गेले.

दुसरी तर इथल्याच, मोताळ्यातल्याच बायकांच्या मंडळाची. त्यांनी भांडणही केलं नाही. शेजारच्या घरी ठेवून गेल्या आणि निरोप सांगून गेल्या की सध्या लागत नाही.

मी एकतारी करणारा माणूस. दुसरं काही मला येत नाही. म्हणजे येत होतं. मलकापूरच्या एका जिनमध्ये मी फिटर होतो. दिवाळीपासून उन्हाळा लागेपर्यंत तिथं कापसाची यंत्रं चालायची, सरकी एकीकडे आणि रुई एकीकडे. पट्टे, बेअरिंग, पंखे, सगळं एकाच वेळी किंचाळत असायचं. शेजारी उभ्या माणसाला हाक मारली तर त्याला ऐकू जायची नाही. त्यामुळे आम्ही सगळे ओठ वाचायला शिकलो होतो. फाटकात उभा असलेला माणूस मालकाला काय सांगतोय, हे मला यंत्रापाशी उभ्याउभ्या कळायचं. त्या विद्येचा मला मोठा अभिमान होता. ती पुढं माझाच घात करील, असं तेव्हा वाटलं नाही.

सीझन संपला की सहा महिने हात रिकामे. त्या रिकाम्या हातांनी मी गल्लीतल्या एका म्हाताऱ्याची मोडकी एकतारी जोडली, मग तशीच एक नवी केली, आणि मग सुटलोच. भोपळा, वेळूची दांडी, बकरीचं कातडं, एक तार, एक खुंटी. बघणाऱ्याला वाटतं, यात काय आहे? सगळं यातच आहे. कडू भोपळ्याचा वेल कुंपणावर चढवायचा आणि फळ वेलावरच वाळू द्यायचं. देठ काळा पडल्याशिवाय हात लावायचा नाही. मग बोटाच्या पेरानं ठोकून बघायचं. साल जाड असेल तर आवाज आखूड होतो, आतल्या आतच बसतो. साल आतून खरवडून पातळ केली तर आवाज लांबतो, पण त्याला धार येते. बकरीच्या पोटाचं कातडं बोलकं, पाठीचं अबोल. तारेखालची घोडी बाभळीची ठेवली तर आवाज गोल येतो, करवंटीची ठेवली तर टणक. भोपळ्याच्या पाठीला तीन बोटं जातील एवढं भोक ठेवायचं. ते वाढवलं की आवाज मोठा होतो आणि थोडा उघडा पडतो. यातलं एक बदललं की बाकीच्या सगळ्यांची समजूत काढावी लागते.

सुरुवातीला माझ्या एकताऱ्या जाड सालीच्या आणि बाभळीच्या घोडीच्या होत्या. पण वर्षं गेली तसं मला वाटायला लागलं की आवाजावर कुणी गोणपाट टाकलंय. मग मी साल पातळ केली. मग बाभळीची घोडी जाऊन करवंटीची आली. मग तारही बारीक घेतली. दरवर्षी काहीतरी नवं करायचो आणि दरवर्षी वाटायचं की आता कुठं आवाज मोकळा झाला. माझा कान तयार होत चालला आहे, अशी माझी खात्री होती. तसं मी बोलूनही दाखवायचो.

बायकोचं काम एवढंच असायचं की तयार एकतारीला खोळ शिवायची. जुन्या लुगड्यांची, साडीची, कधी माझ्या सदऱ्याची. गिऱ्हाईक आलं की मी सांगायचो, एकतारी झाली आहे, उद्या या, खोळीसाठी एक दिवस लागतो. तो दिवस तिचा. ती एकतारी आतल्या खोलीत न्यायची आणि दार ओढून घ्यायची. मी कुरकुर करायचो की तासाभराच्या कामाला दिवस कशाला लागतो. ती म्हणायची, माप घ्यावं लागते. सगळ्या एकताऱ्या हाताच्या मापाच्या, दोन बोटांचा फरक. त्यात कसलं माप घ्यायचं, हे मी तिला विचारलं नाही. बायकांच्या कामात काय विचारायचं, असं म्हणणारा माणूस होतो मी.

ती गेली जिनचा सीझन ऐन भरात असताना. मी तेव्हा कामावरून निवृत्त होऊन घरीच होतो. दुपारी जेवून आडवी झाली, ती उठलीच नाही. मी पडवीत भोपळा खरवडत होतो. आतून तिनं हाक मारली होती का, हे मला आजही माहीत नाही.

त्यानंतर घर फार मोठं झालं. दोन खोल्या आणि पत्र्याची पडवी, पण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाताना दम लागायचा. भाकरी मला जमत नाही, म्हणून खिचडी. दिवसच्या दिवस मी बोलायचो नाही, कारण बोलायला कुणी नव्हतं. आणि मग दुकानात साखर मागितली की माझाच आवाज मला ओळखू यायचा नाही. मुलगी पुण्याला असते. ती फोन करायची आणि आधी रागवायची की किती वेळची वाजवून राह्यली मी, उचलत काऊन नाही? मी म्हणायचो, या नव्या फोनची घंटीच मेली बारीक आहे. चिमण्याही दिसायच्या पण चिवचिवायच्या नाहीत. मला वाटायचं, टॉवरमुळे असेल. पेपरात तसं काहीसं आलं होतं.

माणसं घरी यायची ती एकतारीसाठी. हेच एक कारण होतं. म्हणून मी काम सोडलं नाही. त्या सहा महिन्यांत चार एकताऱ्या केल्या, जीव ओतून केल्या. खोळ शिवायला कुणी नव्हतं म्हणून बाजारातून रेक्झिनच्या पिशव्या आणल्या आणि गिऱ्हाइकाला त्याच दिवशी एकतारी दिली. त्या चारपैकीच दोन परत आल्या. उरलेल्या दोघांनी पुन्हा तोंड दाखवलं नाही. नवं गिऱ्हाईक येईना.

आणि मग आठवडी बाजाराच्या दिवशी मी कांद्याच्या ढिगापाशी उभा होतो. पलीकडे, चांगलं वीस हात लांब, भजनी मंडळातले दोन ओळखीचे गृहस्थ बोलत होते. बाजाराच्या गोंगाटात त्यांचं बोलणं कुणालाच ऐकू गेलं नसतं. मी ते ओठांवरून वाचलं.

"बायको गेली अन् मिस्तरीचा हातबी गेला."

कांदे न घेताच घरी आलो. पडवीत बसून दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले. थरथर नव्हती. पटाशी सरळ चालत होती. कातडं ताणताना जोर तोच होता. हात गेला म्हणजे नेमकं काय गेलं, ते मला सापडेना. मला भीती वाटली, खरी भीती. हात गेला असेल तर या घराचं दार उघडून आत यायला आता कुणालाच काही कारण उरलं नव्हतं.

असे दिवस काढत असताना उन्हाळ्यात एक म्हातारा गायक आला. जवळच्याच एका गावचा. जयंतीला, वर्षावासात, कुणी वारलं तर पुण्यानुमोदनाला तो एकतारीवर भीमगीतं गायचा. पार्टी नाही, पेटी नाही, ढोलकी नाही. तो आणि एकतारी. ती एकतारी मी त्याला बारा एक वर्षांपूर्वी करून दिली होती. उंदरांनी कातडं कुरतडलं होतं. जय भीम झाला, बसला, पाणी प्यायला. कातडं बदलून द्या म्हणाला. मला एवढा आनंद झाला की मी त्याच्या देखतच काम सुरू केलं.

जुनं कातडं कापून काढलं तर आत भोपळ्याच्या पाठीला काहीतरी चिकटवलेलं. कापडाची एक गादी, तळहाताएवढी, आत कापूस भरलेला, खळ लावून पक्की बसवलेली. माझं डोकंच फिरलं. माझ्या भोपळ्यात कुणी चिंध्या कोंबल्या? मी त्याला विचारलं, हे कोणाचं काम? तो म्हणाला की त्याला काही माहीत नाही, त्यानं कातडं कधी उचकलं नाही. मी ती गादी ओढून काढली, छिलक्यांच्या टोपलीत फेकली, आतून पॉलिश पेपर मारला, नवं कातडं चढवलं. तार छेडून दाखवली आणि म्हटलं, आता बघा, कसा मोकळा झाला. एकतारी जुन्याच खोळीत घालून घेऊन गेला.

आठ दिवसांनी परत आला. या वेळी एकतारी खाटेवर ठेवून पळाला नाही. बसला. मिस्तरी, चहा ठेवा, असं स्वतःहून म्हणाला. चहा पिऊन झाल्यावर बशी खाली ठेवून म्हणाला,

"बारा वर्सं याच्यासंगं गायलो. माहा गळा बसला असला तरी हे मले सांभाळून घेत होती. आता माह्या पुढं पुढं पळून राह्यली. तुमी याच्यातलं जे काढलं, ते परत घाला."

माझा आवाज चढला. तीस वर्षं मी हे करतोय, मला शिकवू नका, असलं बरंच काही बोललो. तो ऐकून घेत होता. माझं बोलून झालं आणि त्यानं एकतारी मांडीवर घेऊन तार छेडली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा छेडली. मग शांतपणे विचारलं,

"तुमाले खरंच ऐकू येत नाही का, मिस्तरी?"

टोमणा नव्हता तो. साधं विचारणं होतं. पण तोंडात मारल्यासारखं झालं मला. मी त्याच्या ओठांवरची नजर काढून घेतली आणि तो पुढं काय म्हणाला ते मला कळलंच नाही. त्या घटकेला मला कळलं की मी किती दिवसांपासून माणसांना फक्त बघून ऐकत होतो.

टोपली अंगणात नेऊन उपडी केली. गादी सापडली. त्या दिवशी रागात मी तिच्याकडे नीट बघितलंच नव्हतं. उन्हात धरली. आमसुली कापड, त्यावर बारीक पांढरी फुलं. मुलीच्या साखरपुड्याला बायकोनं नेसलेली साडी ती, नंतर विरली म्हणून कापून काढलेली. कडेनं धावदोरा, गोधडीला घालायची तसा, एक टाका लांब आणि एक आखूड. तिचा हात मी कुठंही ओळखला असता. एका कोपऱ्यात शिवण उसवून बघितलं. आत कापूस नव्हता, रुई होती. जिनमधून मी घरी यायचो तेव्हा माझ्या कपड्यांना, केसांना, भुवयांनासुद्धा रुई चिकटलेली असायची. बायको दारातच मला थांबवून ती झटकायची, वेचायची आणि एका डब्यात भरून ठेवायची. मला वाटायचं, वातींसाठी.

म्हातारा बघत होता. मी नवं कातडं पुन्हा उतरवलं, शिवण होती तशी घातली, खळ करून गादी होती तिथंच बसवली आणि कातडं पुन्हा चढवलं. ऊन उतरेपर्यंत वेळ लागला. त्यानं तार छेडली, डोळे मिटले.

"हाव," तो म्हणाला. "हेच हाय."

मला फरक कळला नाही. त्याच्या चेहऱ्यावरून कळला.

नंतरचे पंधरा दिवस मी वेड लागल्यासारखा गावोगाव फिरलो. एसटीनं, सहा आसनीनं, कुठं पायी. कारण काय सांगायचं म्हणून सांगायचो की आपण केलेली एकतारी पावसाळ्याआधी तपासून देतो, खुंटी बघतो, दांडी बघतो. लोक बिचारे आनंदानं काढून द्यायचे. देवळात, विहारात, कुणाच्या घरी देवळीत ठेवलेली. मी खुंटी बघितल्याचं नाटक करायचो आणि मग पाठीच्या भोकातून मोबाइलच्या टॉर्चचा उजेड आत पाडायचो. सगळ्यात जुन्या एकताऱ्यांत काही नव्हतं. नुसता भोपळा, जाड सालीचा. त्यानंतरच्यांत लिंबाएवढी गादी. मग मुठीएवढी. मग तळहाताएवढी. शेवटच्या दोन-तीन वर्षांतल्या एकताऱ्यांत तर तिनं आतून अर्धा भोपळा मढवून काढला होता. मी साल जितकी पातळ केली तितकी तिनं गादी जाड केली होती. नांदुऱ्यात एका बाईची एकतारी बघितली, त्या बाईचा गळा अगदी नाजूक, असं घरचे म्हणाले. तिच्या भोपळ्यात त्याच वर्षाच्या इतरांपेक्षा जास्त रुई होती. म्हणजे घेणाऱ्याचा गळाही ती लक्षात ठेवत होती. ते माप. गादी पाठीच्या भोकातून दुमडून आत सारायची, बोटांनी पसरायची, खळ वाळू द्यायची, त्यासाठी तो एक दिवस लागायचा.

माझं बहिरेपण मी असं गावोगाव फिरून मोजलं. डॉक्टरनं नंतर कागदावर काढून दाखवलं, पण मला ते आधीच ठाऊक झालं होतं, लिंबापासून अर्ध्या भोपळ्यापर्यंत.

आधी मला तिचा राग आला. उगाच खोटं सांगत नाही. नांदुऱ्याहून परत येताना एसटीत बसून मी मनातल्या मनात तिच्याशी कडाक्याचं भांडलो. गावोगावच्या भोपळ्यांत लपवत राहिलीस आणि मला तेवढं सांगितलं नाहीस? माझ्या कामावर माझ्या मागं हात फिरवलास? मग मोताळ्याचा फाटा आला आणि मला जी गोष्ट आठवायची नव्हती ती आठवली.

मुलगी शाळेत होती तेव्हाची. एक कीर्तनकार महाराज नव्या एकतारीत चरचर आहे, असं चार माणसांसमोर बोलून गेले. ते गेल्यावर बायको चौकटीत येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "ते खोटं नाही बोलले. मलेबी थोडं तसंच वाटते." मी उठलो आणि हातातली एकतारी पडवीच्या खांबावर आपटली. भोपळ्याच्या ठिकऱ्या अंगणभर उडाल्या. त्या तिनंच झाडून गोळा केल्या. त्यानंतर माझ्या एकतारीच्या आवाजाबद्दल ती कधी एक शब्द बोलली नाही. तिनं कानाला खडा लावला आणि मी समजत राहिलो की तिला पटलं. तिनं मला सांगितलं नाही, कारण सांगायला मी जागाच ठेवली नव्हती. एवढं बारीक ऐकणारं माणूस माझ्या घरात होतं आणि ते वीस वर्षं एकटंच ऐकत होतं. आता मी एकटा आहे म्हणून रडतो, ते कोणत्या तोंडानं?

मुलीला फोनवर हे सगळं सांगितलं नाही. कमी ऐकू येतं, एवढंच कबूल केलं. ती पुण्याहून आली, मला मलकापूरला डॉक्टरकडे घेऊन गेली, आणि परतीच्या गाडीत माझ्या दोन्ही कानांत मशीन होतं. मला ते सहन होईना. समोरच्या बाईच्या बांगड्या, खिडकीची काच, कुणाच्या तरी पिशवीतला प्लास्टिकचा कागद, सगळं अंगावर येत होतं. घरी पोचलो तर पडवीच्या पत्र्याखाली चिमण्यांचा नुसता गोंधळ. मी मुलीला विचारलं, या कधी परत आल्या? ती म्हणाली, गेल्या कधी होत्या? मी विषय बदलला.

परत आलेल्या दोन्ही एकताऱ्यांत मी गाद्या घातल्या. शिवण मला येत नाही, टाके वेडेवाकडे पडले. बायकोच्या डब्यात रुई होती, ती वापरली. कानात मशीन असूनही माझा स्वतःवर भरवसा नव्हता म्हणून त्या मोताळ्याच्या बायकांच्या मंडळात गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाला विचारलं की आवाज कसा वाटतो, खरं सांगा. त्यांच्यातली एक वयस्कर बाई म्हणाली, अजून उलीसा कमी पाहिजे. मी गुपचूप घरी येऊन आणखी चिमूटभर रुई घातली आणि उलीसा कमी केला. त्यांनी ठेवून घेतली. आता क्वचित कुणी येतं. आलं की मी सांगतो, उद्या या, एक दिवस लागतो.

एक काम राहिलं होतं आणि ते मी टाळत होतो. आमच्या घरची एकतारी. आतल्या खोलीच्या भिंतीवर असते. ती मी माझ्यासाठी केली होती, करवंटीची घोडी, सगळ्यात पातळ साल, सगळ्यात बारीक तार. माझ्या मते माझं सगळ्यात चांगलं काम. रोज संध्याकाळी बायको स्वयंपाकाला बसली की मी स्वयंपाकघराच्या दाराशी बसून ती वाजवायचो. गाणं मला येत नाही, नुसती तार धरायचो. भाकरी होईपर्यंत, म्हणजे अर्धा-पाऊण तास. ती गेल्यापासून हात लावला नव्हता.

मुलगी पुण्याला परत गेली त्या संध्याकाळी ती एकतारी खाली घेतली. पाठीच्या भोकातून टॉर्च मारला. आत एक बी सुद्धा नव्हती. कोरा भोपळा, माझ्या पटाशीच्या खुणा स्पष्ट दिसत होत्या. ही रोज माझ्या हातात असायची, हिच्यात काही घातलं तर भोकातून कधीतरी माझ्या नजरेला पडेल, म्हणून बायकोनं हिला हात लावला नसावा. मी आधी नांदुऱ्याकडच्या मंडळाची एकतारी घेतली, जिच्यात मी गादी घातली होती. छेडली. चांगला आवाज होता, भरलेला, कुणाच्याही गळ्याखाली निमूट बसेल असा. मग घरची छेडली.

पत्र्यावरून खिळा ओढावा तसा आवाज आला. माझे खांदे आपोआप वर गेले. मशीन बिघडलं असेल म्हणून पुन्हा दुसरी वाजवून बघितली. ती गोडच होती. मशीनमध्ये काही नव्हतं.

बायको चुलीपुढं बसून रोज हे ऐकत होती. वीस वर्षं नसेल, पण चांगली दहा-बारा वर्षं. गावोगावच्या कानांची तिनं सोय करून ठेवली होती, फक्त स्वतःच्या कानांची नाही. कधी माझा हात दुखला आणि मी थांबलो तर पिठाच्या हातानं मागं वळून बघायची.

"काऊन थांबले?" म्हणायची. "वाजवा ना. भाकर व्हाची हाय अजून."

मी मशीन काढायला हात कानापाशी नेला. मग तो तसाच खाली घेतला. दाराशी माझ्या नेहमीच्या जागी बसलो, तोंड स्वयंपाकघराकडे केलं आणि भाकरी व्हायला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ वाजवत राहिलो.